जिंगझोऊमधलं झांग जुझेंगचं घर: मोजणी खात्यातल्या माणसांनी तर नक्की बघावं

आधी रेटिंग सांगते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. जागेला ५ पैकी ४, दुसऱ्या दिवशी मिळालेल्या गाईड बाईंना ५ पैकी ५, आणि पहिल्या दिवशी ज्या टूरवाल्यांबरोबर गेलो त्यांना १, त्यांचं नाव लिहीत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून बावीस वर्षं काम केलंय. माझा भाचा वुहानला नोकरीला आहे, त्याच्याकडे पंधरा दिवस गेलेले, तिकडे सगळ्यांनी यांगत्से नदी बघा, वुहानचा तो पिवळ्या सारस पक्ष्याचा मनोरा बघा असं सांगितलं, ते सगळं बघितलं आणि छानच आहे, पण मला स्वतःहून जायचं होतं ते जिंगझोऊला, कारण भाच्याने एकदा फोनवर सांगितलेलं की मावशी इथे चारशे वर्षांपूर्वी झांग जुझेंग नावाचा एक मंत्री होऊन गेला ज्याने अख्ख्या चीनची जमीन मोजून घेतली आणि मेल्यावर त्याच्या घराला सील लावलं. तेव्हापासून डोक्यात होतं.

जायचं कसं तर वुहानच्या हानकोऊ स्टेशनवरून ट्रेन आहे, दीड-पावणेदोन तास लागतात, तिकीट काढताना पासपोर्ट लागतो. जिंगझोऊ स्टेशनवरून जुन्या शहराला टॅक्सी करायची आणि ड्रायव्हरला पूर्व दरवाजा सांगायचं. जुन्या शहराला अजून पूर्ण तटबंदी आहे, अकरा किलोमीटरच्या आसपास, बाहेरून खंदक, आणि पूर्व दरवाजातून आत शिरलं की जवळच हे घर. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, हे मूळचं घर नाही, मूळचं केव्हाच गेलं, हे अलीकडे जुन्या पद्धतीने नव्याने बांधलंय. चौक, ओसरी, लाकडी खांब, परत चौक, आपल्याकडच्या दोन चौकी वाड्याची आठवण येते. काही लोक नवं बांधकाम आहे म्हणून नाक मुरडतात, मला नाही तसं वाटलं, जागा तीच गावची आहे आणि माणूस तिथलाच होता.

पहिल्या दिवशीचं आधी सांगते. ग्रुप टूर होती, त्यात तटबंदी, म्युझियम आणि हे घर असं एका दिवसात कोंबलेलं, घरासाठी चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा फोटोत गेली. मुलगा होता गाईड म्हणून, त्याने सांगितलं की हा हुशार होता, मोठा मंत्री झाला, सुधारणा केल्या, चला आता बसमध्ये. मी भाच्याला म्हटलं त्याला विचार सील कुठल्या साली लावलं, तर तो म्हणाला ते पुढचं आहे, ते आपल्या टूरमध्ये नाही. अहो पण तेच तर ऐकायला मी सांगलीहून आले ना! मला खरंच वाईट वाटलं, माणसाचं आयुष्य सांगायचं आणि निम्म्यात बस पकडायची. म्हणून रात्री जिंगझोऊलाच राहिलो आणि भाच्याने ओळखीतून एका रिटायर्ड शिक्षिका बाईंना विचारलं, त्या सकाळी साडेआठला दरवाजापाशी हजर. अडीच तास दिले त्यांनी, चायनीजमध्ये बोलायच्या आणि भाचा मराठीत सांगायचा. पुढचं बरंचसं त्यांनी सांगितलेलं आहे आणि काही मी आधी वाचून गेलेले.

झांग जुझेंगचा जन्म १५२५चा, याच गावात. घर काही मोठं नाही, आजोबा लिआओ नावाच्या राजपुत्राच्या वाड्यावर पहारेकरी. पोरगं मात्र भयंकर हुशार, लहानपणी नाव बायग्वी, पांढऱ्या कासवावरून ठेवलेलं. बाराव्या वर्षी पहिली परीक्षा पास. तेराव्या वर्षी प्रांताच्या परीक्षेला बसला तर तिथल्या मोठ्या अधिकाऱ्याने, गू लिन नाव त्याचं, मुद्दाम नापास करायला लावलं, का तर एवढ्या लहान वयात यश मिळालं तर पोरगं बिघडेल. तीन वर्षांनी पास झाला तेव्हा त्याच गू लिनने आपल्या कमरेचा पट्टा काढून त्याला दिला. बाई शिक्षिका असल्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाज बदलला, म्हणाल्या असा परीक्षक मिळायला नशीब लागतं. मला ते पटलं नाही, तेरा वर्षांच्या पोराला पेपर चांगला लिहूनही नापास करायचं हे मला नाही पचत, तसं मी बोलले पण, आणि आमचं तिथे ओसरीवर पाच मिनिटं यावरच चाललेलं.

तो वाड्यावरचा राजपुत्र जवळपास त्याच्याच वयाचा. त्याची आई त्याला सारखं बोलायची की तू असाच उंडारत राहिलास तर एक दिवस हा पहारेकऱ्याचा नातू तुझ्या नाकात वेसण घालेल. वेसण हाच शब्द आहे बरं का त्यांच्याकडे पण, नाक टोचून दोरी ओवणे. राजपुत्राच्या मनात ते इतकं बसलं की पोरगं परीक्षा पास झाल्यावर त्याने आजोबांना वाड्यावर बोलवून दारू पाजली, पाजतच राहिला, आणि म्हातारा त्यातच गेला असं सांगतात. हे लक्षात ठेवा, शेवटी हे परत येतं.

पुढे १५४७ला सर्वात वरची परीक्षा, मग हानलिन अकादमी, म्हणजे दरबारातल्या विद्वानांची संस्था, मग हळूहळू वर, १५६७ला मंत्रिमंडळात. १५७२ला बादशहा वारला आणि गादीवर बसला वानली, वय नऊ. तेव्हाचा मुख्य मंत्री होता गाओ गोंग, त्याला काढण्यात झांगचा हात होता, राजवाड्यातला मुख्य खोजा फेंग बाओ आणि बादशहाची आई राजमाता ली यांच्याशी त्याने जुळवून घेतलं आणि गाओ गोंगला एका दिवसात गावी पाठवलं. हे काही चांगलं केलं नाही. बाईंनी पण ते झाकलं नाही, सरळ सांगितलं.

त्यानंतरची दहा वर्षं म्हणजे चीन त्याच्या हातात. पोराचा शिक्षक पण तोच आणि राज्याचा कारभारी पण तोच. त्याने पोरासाठी चित्रांचं पुस्तक करून घेतलं, चांगल्या राजांच्या ८१ गोष्टी आणि वाईट राजांच्या ३६. एकदा पोरगं मोठ्याने वाचत होतं आणि एका अक्षराचा उच्चार चुकला, बो च्या जागी बेई म्हटलं, तर हा सगळ्यांसमोर एवढ्या जोरात ओरडला की बो म्हण, की पोरगं दचकलं आणि दरबारातल्या लोकांचे चेहरे उतरले. त्या पोराला अक्षर काढायची फार हौस, सुंदर अक्षर होतं, तर याने तो तासच बंद केला, राजाला अक्षर काढून काय करायचंय म्हणून. एकदा सतराव्या वर्षी पोराने दारू पिऊन धिंगाणा घातला तर आईने गुडघ्यावर बसवलं, गादीवरून काढायची धमकी दिली, आणि त्याच्या नावाने जाहीर माफीनामा लिहिला कोणी तर यानेच, तोही इतका कडक की पोराने मान खाली घालून तो काढला. बाई म्हणाल्या तो त्याला झांग सर म्हणायचा आणि खूप घाबरायचा, आणि एवढी वर्षं घाबरलेल्या माणसाच्या मनात काय साठत असेल ते बघा.

आता माझ्या खात्याचं. हे वाचताना मी अक्षरशः सरसावून बसलेले. त्याने १५७३ला एक पद्धत काढली, प्रत्येक कामाची नोंद तीन वहीत, एक त्या खात्याकडे, एक तपासणाऱ्यांकडे, एक मंत्रिमंडळाकडे, काम किती दिवसात होणार ती तारीख घालायची आणि महिन्याला आणि वर्षाला तपासायचं, झालं नाही तर कारवाई. ज्यांनी सरकारी ऑफिसात मार्चएंड काढलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको. एका जागेवर अर्ज किती दिवस पडून आहे हे वर बसलेल्याला कळणं ही किती मोठी गोष्ट आहे, आपल्याकडे फेरफार नोंदीसाठी लोक महिनोन् महिने चकरा मारायचे ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि मग मोजणी. मिंग, म्हणजे तेव्हाचं राजघराणं, त्यांच्या राज्याच्या सुरवातीच्या कागदावर जेवढी जमीन होती ती शंभरेक वर्षांत निम्म्यावर आलेली. जमीन कुठे जाणार, ती तिथेच, फक्त बड्या घरांनी लपवलेली, दुसऱ्याच्या नावावर टाकलेली, पडीक दाखवलेली. आपल्याकडे चांगली काळी जमीन पोटखराब दाखवतात ना, तेच. मग जे गरीब त्यांच्यावर सगळा सारा. याने १५७८पासून सगळीकडे मोजणी लावली आणि १५८१ला सगळे वेगवेगळे कर, वेठबिगार, सगळं एकत्र करून चांदीत भरायचं असं केलं. तिकडे मोजायला लाकडी साधन असायचं, त्याला धनुष्यच म्हणतात, एक धनुष्य म्हणजे पाच ची, चिनी फूट म्हणा, आणि अशा २४० चौरस धनुष्यांचा एक मू. बाईंनी जमिनीवर चपलेच्या टाचेने दोन खुणा करून दाखवलं एवढं अंतर म्हणून.

पण यात एक घाण झाली ती मला सगळ्यात जास्त लागली. वर खुश करायला खालच्या काही अधिकाऱ्यांनी धनुष्यच आखूड करून घेतली. मोजणीतल्या माणसाला हे लगेच कळेल, माप दहावा हिस्सा आखूड केलं तर शंभर मू चे कागदावर १२३ होतात, जमीन तेवढीच आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर सारा जवळजवळ पावपट जास्त. मी बाईंना हे बोटांवर हिशोब करून दाखवलं तर त्या थांबल्या, म्हणाल्या एवढी वर्षं हे वाक्य सांगतेय पण आकडा कधी काढला नव्हता, आणि वहीत लिहून घेतलं. माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा क्षण होता त्या ट्रिपचा. गंमत बघा, अगदी त्याच वर्षांत आपल्याकडे अकबराच्या दरबारात तोडरमल हेच करत होता, त्याची दहा वर्षांच्या सरासरीची पद्धत १५८०ची, आणि त्याने तर मोजायची दोरी काढून लोखंडी कड्या लावलेले बांबू आणले कारण दोरी ओली झाली की आखडते आणि माप चुकतं. इकडे दोरीचा खोटेपणा काढला आणि तिकडे धनुष्य मुद्दाम आखूड केलं. झांगला हे माहीत होतं का, मला नाही वाटत त्याने सांगितलं असेल, पण टार्गेटचा एवढा धाक ठेवला की खालचा माणूस माप कापणारच, ही जबाबदारी वरच्याची पण असते असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी कामं पण मोठी. पान जिशुन या अधिकाऱ्याला पिवळ्या नदीच्या बांधांवर लावलं, ची जिग्वांग या सेनापतीला उत्तरेच्या मोठ्या भिंतीवर सांभाळलं, आणि सरकारी कोठारात दहा वर्षं पुरेल इतकं धान्य झालं असं त्यांच्या इतिहासात लिहिलंय. दुसरीकडे १५७९ला खाजगी विद्यापीठं बंद पाडली, विरोधात बोलणाऱ्यांना सोडलं नाही.

त्यातलं १५७७चं प्रकरण ऐकताना अंगावर काटा येतो. वडील वारले, तिकडचा नियम असा की नोकरी सोडून २७ महिने सुतकात घरी बसायचं. हा बसला नाही, बादशहाची आज्ञा आहे म्हणून कामावर राहिला. त्याच्यावर टीका केली त्यांना दरबारात दांड्यांनी मारलं. झाओ योंगशियान म्हणून एक जाडा माणूस होता, त्याला साठ दांडे, मांस सोलून निघालं आणि त्याच्या बायकोने त्यातला एक तुकडा वाळवून जपून ठेवला. झोऊ युआनबियाओ म्हणून एक तरुण, नुकताच परीक्षा पास झालेला, बाकीच्यांना मारताना बघून सुद्धा त्याने आपला अर्ज दिलाच, त्यालाही मारलं आणि तो कायमचा लंगडा झाला.

१५८२च्या जुलैत झांग वारला, वय ५७. मरायच्या थोडेच दिवस आधी बादशहाने सगळ्यात वरची पदवी दिली, मेल्यावर वेनझोंग हे मानाचं नाव दिलं. त्या वर्षअखेरीस फेंग बाओची हकालपट्टी. १५८३ला झांगच्या पदव्या काढल्या. आणि १५८४ला जप्ती. आता तो राजपुत्र आठवा, त्या घराण्याची गादी १५६८लाच गेलेली, त्यांच्यातल्या एका बाईने अर्ज केला की आमची सगळी संपत्ती झांगच्या घरात आहे. एवढं कारण पुरलं.

इथे बाई आतल्या चौकात एका दारापाशी उभ्या राहिल्या आणि काही बोलायच्या आधी दाराच्या दोन फळ्या हाताने जवळ ओढल्या, बंद केल्या नाहीत, नुसत्या जवळ आणल्या. मग सांगितलं. राजधानीतून जप्तीची माणसं निघाली, चिऊ शुन नावाचा अधिकारी आणि एक खोजा, पण ती पोचायच्या आधीच इथल्या स्थानिक अधिकाऱ्यांनी घरातल्या माणसांची यादी केली आणि दारं बंद करून टाकली. बायका पोरं रिकाम्या खोल्यांत लपलेली. दार उघडलं तेव्हा दहापेक्षा जास्त माणसं उपाशी मेलेली.

मी किती पंचनामे बघितलेत, यादी करायची म्हणजे आत कोण आहे ते नाव वय लिहायचं, म्हणजे ज्याने यादी केली त्याला आत किती पोरं आहेत ते माहीत होतं. आणि दार लावून घेतलं. वरून तसा हुकूम पण आलेला नव्हता, वरच्याला काय आवडेल ते ओळखून केलेलं. आखूड धनुष्य केलं तेव्हाही हेच होतं. मी तिथे पायरीवर बसले थोडा वेळ, भाचा पाणी आणायला गेला.

सापडलं किती तर सोनं दहा हजार तोळ्यांच्या... नाही, तोळे नाही, त्यांचं वजनाचं माप ल्यांग, ते वेगळं, तर दहा हजारावर ल्यांग सोनं आणि लाखभराच्या वर चांदी. कमी नाही, पगारात होणारं नाही हे, त्यामुळे माणूस धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही. पण ते शोधत होते त्यापेक्षा फारच कमी निघालं, म्हणून थोरल्या मुलाला, जिंगशिऊला, मारून मारून कबूल करायला लावलं की तीन लाख दुसऱ्यांकडे ठेवलेत. त्याने चिठ्ठी लिहिली आणि गळफास घेतला. तिसरा मुलगा माओशिऊ, चार वर्षांपूर्वी १५८०ला देशात पहिला आलेला, त्याने विहिरीत उडी मारली, वाचला. घरातल्या आणखी काहींना दूरच्या सरहद्दीवर पाठवलं. म्हाताऱ्या आईसाठी एक रिकामं घर आणि दहा चिंग जमीन ठेवली, आपल्या हिशोबाने शंभर-सव्वाशे एकराच्या वर.

बादशहाने त्याच १५८४ला स्वतःच्या कबरीचं काम सुरू केलं, सहा वर्षं चाललं आणि ऐंशी लाख ल्यांग चांदी गेली. ती बीजिंगजवळ आहे, लोक बघायला जातात, मी नाही गेले आणि आता जायची इच्छाही नाही.

आणि १५७७चा तो लंगडा झोऊ युआनबियाओ, तो म्हातारा होऊन परत दरबारात आला, आणि १६२२ला झांगचा मान परत द्यावा म्हणून उभं राहणाऱ्यांत तो होता, ज्याच्यामुळे पाय गेला त्याच्यासाठी. तेव्हा पदवी परत मिळाली, मुलांचं पुढे १६४० पर्यंत थोडं थोडं करत मिळालं. चार वर्षांनी मिंग राज्यच गेलं.

प्रॅक्टिकल गोष्टी. सकाळी लवकर जा, दहानंतर ग्रुप यायला लागतात. दोन तास तरी ठेवा. चायनीज वाचता येत नसेल तर फोनवर ट्रान्सलेट करणारं ॲप घ्या किंवा सरळ माणूस घ्या, ॲपने नुसता पाट्यांचा अर्थ लागतो. पैसे फोनवरूनच, अलीपे या तिकडच्या पेमेंट ॲपला आपलं कार्ड जोडून गेलात तर अडत नाही. उंबरे उंच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. नाश्त्याला तिथली सकाळची रश्शातली शेवई मिळते, झाओतांग म्हणतात, मांसाची असते, शाकाहारी असाल तर ग्वोख्वेई घ्या, ती तंदूरला चिकटवून भाजलेली पातळ कुरकुरीत रोटी, पण आत काय भरलंय ते विचारून. मासे खात असाल तर तिथली माशाची वडी सोडू नका, आमच्याकडे कोथिंबीर वडी उकडतात तशी उकडलेली, मऊ.

एक तारा कापला तो माझ्याकडून राहिल्यासारखं वाटलं म्हणून, त्याची कबर शहराच्या शाशी भागात आहे, ती आणि घर एकत्र बघायला हवं होतं आणि आमची दुपारची ट्रेन होती. बाईंना पैसे किती विचारलं तर त्यांनी घेतलेच नाहीत, म्हणाल्या तुमच्याकडच्या मोजणीच्या साखळीचा एक फोटो पाठवा, वर्गात दाखवते. साखळी आता ऑफिसात वापरात नाही, सगळं जीपीएसवर गेलंय, पण आमच्या स्टोअरला एक जुनी आहे गंजलेली, सोमवारी काढून घेते.